देवाचे राज्य म्हणजे नेमके काय: कुठे आहे, केव्हा येणार, आत कसे जायचे

येशूची शिकवण मुख्यतः कशाबद्दल होती, असे विचारले की प्रेम, क्षमा, स्वर्ग अशी उत्तरे पटकन येतात. मत्तय, मार्क आणि लूक ही पहिली तीन शुभवर्तमाने सलग वाचली तर मात्र एकच विषय पुन्हा पुन्हा समोर येतो, तो म्हणजे देवाचे राज्य. मार्काने दिलेले येशूचे पहिले वाक्यच असे आहे: "काळाची पूर्णता झाली आहे व देवाचे राज्य जवळ आले आहे, पश्चात्ताप करा आणि सुवार्तेवर विश्वास ठेवा" (मार्क 1:15). बहुतेक दाखले, म्हणजे येशूने सांगितलेल्या बोधकथा, त्या राज्याविषयी आहेत, आजाऱ्यांना बरे करणे ही त्याची खूण आहे, आणि शिष्यांना शिकवलेल्या प्रार्थनेतली दुसरी मागणी तीच आहे: तुझे राज्य येवो.

सातारा-सांगलीकडच्या ख्रिस्ती मंडळ्यांत ही प्रार्थना संडे स्कूलच्या मुलांनाही पाठ असते. अर्थ विचारला की मोठी माणसेसुद्धा "मेल्यावर स्वर्गात जाणे" असे सांगतात. हे उत्तर अगदीच चुकीचे नाही, पण इतके अपुरे आहे की त्यावर अडून राहिले तर निम्मे दाखले उलगडतच नाहीत. प्रार्थनेतली पुढची ओळच पाहा: "जसे स्वर्गात तसे पृथ्वीवरही तुझ्या इच्छेप्रमाणे होवो." आपल्याला वर ने, अशी ती विनंती नाही. देवाची इच्छा इथे, या मातीवर चालावी, अशी ती मागणी आहे.

राज्य म्हटले की आपल्या डोळ्यांसमोर नकाशा, हद्द, राजधानी येते. येशूच्या बोलण्यात राज्य म्हणजे आधी राजवट, राजाची सत्ता प्रत्यक्ष चालणे. जिथे देवाचा शब्द मानला जातो, त्याच्या न्यायाने व्यवहार होतात, अडल्या-नडलेल्याला उभे केले जाते, तिथे ती राजवट चालू आहे. प्रदेश, लोक आणि शेवटचे नवे जग हे सगळे त्या सत्तेच्या मागून येते.

इथे आणखी एक गोंधळ लगेच मिटवून टाकू. मत्तय बहुतेक ठिकाणी "स्वर्गाचे राज्य" म्हणतो, मार्क आणि लूक "देवाचे राज्य" म्हणतात. त्यामुळे ही दोन वेगळी राज्ये आहेत, असे काही जण शिकवतात. श्रीमंत तरुणाच्या प्रसंगात मत्तय 19:23 मध्ये येशू म्हणतो, श्रीमंताचा स्वर्गाच्या राज्यात प्रवेश होणे कठीण आहे. लगेच पुढच्या वचनात, उंटाच्या आणि सुईच्या नाकाच्या उदाहरणात, तीच गोष्ट "देवाचे राज्य" म्हणून येते. यहुदी लोक आदरापोटी देवाचे नाव घेणे टाळत आणि त्याऐवजी स्वर्ग म्हणत. मत्तयाचे वाचक त्याच परंपरेतले होते. राज्य एकच.

ऐकणाऱ्यांना काय अपेक्षित होते

येशूने हा विषय नव्याने काढला नव्हता. गालीलातला शेतकरी किंवा कोळी हे शब्द ऐकताच कान टवकारत असे, कारण त्यामागे कैक शतकांची वाट पाहणे होते. दाविदाचे घराणे कायम राज्य करील हे वचन 2 शमुवेल 7 मध्ये आहे. इ.स.पू. 586 च्या सुमारास बाबेलच्या फौजेने यरुशलेम उद्ध्वस्त केले आणि ते सिंहासन गेले. पुढे एकामागून एक परकी सत्ता आल्या, इ.स.पू. 63 मध्ये रोमी आले. दानीएलाच्या दुसऱ्या अध्यायात या साऱ्या साम्राज्यांचा एक पुतळा आहे, आणि कोणाचा हात न लागता सुटलेला एक दगड त्याचा चुराडा करतो. देव असे राज्य स्थापील की ज्याचा कधी भंग होणार नाही, असा त्याचा अर्थ तिथेच सांगितला आहे (2:44).

म्हणून "राज्य जवळ आले आहे" हे ऐकल्यावर लोकांना रोमी सैन्य हाकलले जाईल असे वाटले, यात नवल नाही. पाच हजारांना जेवण मिळाल्यावर ते येशूला बळजबरीने राजा करायला निघाले, तेव्हा तो एकटाच डोंगरावर निघून गेला (योहान 6:15). पुनरुत्थानानंतरही शिष्यांचा प्रश्न तोच होता: आता इस्राएलाचे राज्य परत देणार का? (प्रेषितांची कृत्ये 1:6). तीन वर्षे बरोबर राहिलेल्यांनाही हे उमगायला वेळ लागला. त्यामुळे आज कोणाला लागला तर त्याने खट्टू होऊ नये.

आले आहे, पण पूर्ण झालेले नाही

सगळ्यात अवघड भाग हाच आहे. येशू एका ठिकाणी म्हणतो, मी देवाच्या सामर्थ्याने भुते काढत आहे तर देवाचे राज्य तुमच्यावर आले आहे (लूक 11:20). परूशी, म्हणजे नियमशास्त्र काटेकोर पाळणाऱ्या यहुदी पंथाचे लोक, केव्हा म्हणून विचारतात, तर तो म्हणतो, ते तुमच्यामध्ये आहे (लूक 17:21). आणि हाच येशू शेवटच्या भोजनात सांगतो की देवाचे राज्य येईपर्यंत मी द्राक्षांचा उपज पिणार नाही (लूक 22:18). आलेले आहे की यायचे आहे?

विसाव्या शतकात अभ्यासकांचा यावर मोठा वाद झाला. आल्बर्ट श्वाइट्झर यांनी 1906 मध्ये मांडले की येशूची सारी दृष्टी लवकरच येणाऱ्या शेवटाकडे होती. सी. एच. डॉड यांनी 1935 मध्ये नेमके उलट सांगितले: येशूच्या कार्यात राज्य आलेच. आज बहुतेक अभ्यासक दोन्ही बाजू एकत्र धरतात आणि आम्हालाही तेच पटते, कारण एक बाजू धरली की दुसऱ्या बाजूची वचने झाकून ठेवावी लागतात. येशूच्या जीवनात, मरणात आणि पुनरुत्थानात राज्याची सुरुवात झाली. त्याची पूर्तता व्हायची आहे.

आपल्या भागातल्या वाचकाला हे समजायला प्रतिसरकारचा काळ आठवावा. 1943 ते 1946 या वर्षांत, तेव्हाच्या सातारा जिल्ह्यात, म्हणजे आजच्या सातारा-सांगलीच्या गावागावांत, क्रांतिसिंह नाना पाटलांच्या नेतृत्वाखालच्या सरकारची न्यायमंडळे तंटे सोडवत होती, साध्या खर्चात लग्ने लावत होती, दारूबंदी पाळायला लावत होती. कलेक्टर कचेरीवर झेंडा मात्र ब्रिटिशांचाच होता. नवी सत्ता मानणारे लोक जुनी सत्ता जाण्याआधीच नव्या कायद्याने जगत होते, आणि त्याची किंमतही मोजत होते. देवाच्या राज्याची आजची स्थिती अशी आहे: सत्ता सुरू झाली आहे, जुन्या सत्तेचा अंमल अजून दिसतो आहे. ही तुलना दोन ठिकाणी थांबवायला हवी. प्रतिसरकारकडे शस्त्रे होती आणि ते शिक्षा देत असे. येशूने पेत्राला तलवार म्यानात घालायला लावली. आणि 1943 मध्ये इंग्रज कधी जातील हे कोणालाच ठाऊक नव्हते. ख्रिस्ती विश्वास सांगतो की इथला निकाल पुनरुत्थानाच्या दिवशीच लागला आहे.

पूर्तता कशी होईल याचा क्रम पौलाने 1 करिंथ 15:24-28 मध्ये दिला आहे: सर्व विरोधी सत्ता नाहीशा होतील, शेवटचा शत्रू मृत्यू, आणि मग ख्रिस्त राज्य पित्याच्या हाती सोपवील. प्रकटीकरण 21 मध्ये नवे आकाश आणि नवी पृथ्वी आहे, आणि तिथे पवित्र नगर स्वर्गातून खाली उतरते. इ.स. 381 च्या मतांगीकारात "त्याच्या राज्याला अंत नाही" हे शब्द आहेत, ते याच आशेपोटी.

दाखल्यांत हिशेब आहेत, ते करून पाहा

दाखले म्हणजे मुलांना सांगायच्या सोप्या गोष्टी, असा समज आहे. त्यातले आकडे कोणी तपासत नाही, आणि मुद्दा बहुतेक वेळा आकड्यातच असतो.

क्षमा न करणाऱ्या चाकराचा दाखला घ्या (मत्तय 18:23-35). एका चाकरावर राजाचे दहा हजार तालांतांचे कर्ज होते. एक तालांत म्हणजे सुमारे 6,000 दिनार, आणि एक दिनार म्हणजे मजुराचा एका दिवसाचा रोज. म्हणजे कर्ज झाले 6 कोटी दिवसांच्या मजुरीचे. वर्षाला 300 दिवस काम धरले तरी ते फिटायला 2 लाख वर्षे लागतील. येशूच्या काळचा शासक हेरोद अंतिपा याला गालील आणि पेरिया या दोन्ही प्रांतांतून वर्षाला 200 तालांत मिळत, असे इतिहासकार योसेफस नोंदवतो. त्या हिशेबाने ही दोन प्रांतांची 50 वर्षांची वसुली आहे. चाकर म्हणतो, "मला वागवून घ्या, मी सगळे फेडीन." ऐकणारे इथे हसले असतील, कारण हे फिटणे शक्यच नाही. राजा मुदत देत नाही, सगळे कर्जच सोडून देतो. तोच चाकर बाहेर पडतो आणि आपले 100 दिनार देणे असलेल्या सोबत्याची नरडी धरतो. 100 दिनार म्हणजे त्याच हिशेबाने सुमारे चार महिन्यांची मजुरी. रक्कम किरकोळ नाही, आणि हे ध्यानात घ्यायला हवे: आपल्याला दुसऱ्याने केलेली इजा खोटी किंवा क्षुल्लक आहे असे येशू म्हणत नाही. पण पहिल्या कर्जाशी तिचे प्रमाण सहा लाखांत एक. देवाच्या राज्याचा कारभार ज्या माफीवर चालतो तीच माफी पुढे न देणारा माणूस त्या राज्याच्या बाहेर उभा राहतो, इतके कडक ते सांगणे आहे.

दुसरा दाखला द्राक्षमळ्याचा, मत्तय 20. तासगाव-पलूस भागात याचे वेगळे स्पष्टीकरण द्यावे लागू नये. बागेत काम निघाले की एकदम निघते आणि मजूर कमी पडतात. मालक पहाटे मजुरांच्या अड्ड्यावर जातो, दिवसाला एक दिनार ठरवून माणसे आणतो. मग सकाळी नऊला जातो, बाराला जातो, तीनला जातो आणि शेवटी पाच वाजता. पाचला उभे असलेल्यांना विचारतो, दिवसभर रिकामे का उभे राहिलात? उत्तर असे: आम्हाला कोणी कामाला लावले नाही. अड्ड्यावर शेवटपर्यंत कोण उरते हे मुकादमाला विचारा. म्हातारा, अशक्त, ज्याच्याकडे कोणाचे लक्ष जात नाही असा. संध्याकाळी सहाला हिशेब होतो, कारण मजुरी त्याच दिवशी सूर्य मावळण्याआधी द्यावी असा नियमशास्त्राचा दंडक आहे (अनुवाद 24:15). एक तास राबलेल्यालाही पूर्ण दिनार मिळतो.

बारा तास उन्हात खपलेले कुरकुर करतात. त्यांचा राग समजण्यासारखा आहे, आणि दाखला तो लपवत नाही. उलट शेवटच्यांना आधी पैसे देऊन पहिल्यांना ते बघायला लावतो. मालकाने त्यांचा ठरलेला रोज बुडवलेला नाही. एक दिनार म्हणजे घरच्यांचे त्या दिवसाचे जेवण. एक बारांश दिनार घेऊन गेला असता तर शेवटच्या मजुराच्या घरी उपास पडला असता. गरजेइतके सगळ्यांना मिळते तिथे जास्त राबणाऱ्याने तक्रार करावी का, हा प्रश्न येशू पेत्राच्या बोलण्यावर टाकतो, ज्याने नुकतेच विचारले होते की आम्ही सगळे सोडून आलो, आम्हाला काय मिळणार? (19:27). पिढ्यान् पिढ्या मंडळीत असलेल्या घराण्यांनी हा दाखला काल आलेल्या कुटुंबाच्या शेजारी बसून वाचावा.

बाकीचे थोडक्यात. मोहरीचा दाणा आणि खमीर हे दोन्ही सुरुवातीच्या लहानपणाबद्दल आहेत. बाई तीन मापे पीठ घेते ते सुमारे 35 ते 40 लिटर भरते, वजनाने 20 किलोच्या आसपास, शंभरेक माणसांच्या भाकरीचे. घरच्या चुलीचा हा स्वयंपाक नव्हे, मेजवानीचा आहे. शेतात लपवलेली ठेव आणि मोती हे किमतीबद्दल आहेत: सापडल्यावर माणूस आनंदाने सगळे विकतो. आणि मार्क 4:26-29 मधले आपोआप वाढणारे बी कार्यकर्त्यांनी आवर्जून वाचावे. शेतकरी बी टाकतो, निजतो, उठतो. ते कसे वाढते हे त्याला कळत नाही.

बरे करणे ही खूण

येशूने बारा जणांना पाठवले ते देवाच्या राज्याची घोषणा करायला आणि रोग्यांना बरे करायला (लूक 9:2). ही दोन कामे त्याने वेगळी केली नाहीत. मिरजेत डॉ. विल्यम वानलेस यांनी 1894 मध्ये मिशन हॉस्पिटल सुरू केले, त्यामागची समजूत हीच होती. आजार, भूक, अन्याय हे देवाच्या इच्छेविरुद्ध आहेत. जिथे ते मागे हटतात तिथे त्याच्या राजवटीची खूण दिसते.

ही खूण आमिष होऊ शकत नाही. लूक 17 मध्ये येशू दहा कुष्ठरोग्यांना शुद्ध करतो, आभार मानायला एकच परततो आणि तोही शोमरोनी, म्हणजे यहुदी ज्यांना परके मानत त्या लोकांतला. नऊ जणांचे बरे होणे काढून घेतले जात नाही. आणि "राज्य तुमच्यामध्ये आहे" हे वाक्य याच प्रसंगाला लागून पुढे येते, हे पुष्कळांच्या नजरेतून सुटते. अट घालून केलेली सेवा ही त्या राज्याची सेवा राहत नाही.

मंडळी आणि राज्य एकच का?

नाही. मंडळी राज्याची साक्ष देते, त्याची चव चाखते, त्याची वाट पाहते. रोमन कॅथलिक शिकवणीतही दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने 1964 मध्ये मंडळीला राज्याचे बीज आणि आरंभ म्हटले, पूर्ण राज्य म्हटले नाही. निदणाच्या, म्हणजे गव्हातल्या तणाच्या, दाखल्यात तर शेत म्हणजे जग, असे येशूने स्वतः उलगडून सांगितले आहे (मत्तय 13:38). गहू आणि निदण कापणीपर्यंत बरोबर वाढू द्या, आत्ता उपटायला गेलात तर गहूही उपटाल, हा त्यातला इशारा आहे. कोण आत आणि कोण बाहेर याची यादी करण्याची घाई तो थांबवतो.

या प्रश्नाला साताऱ्यात एक धाडसी उत्तर दिले गेले होते. कवी नारायण वामन टिळकांनी 1917 मध्ये अमेरिकन मराठी मिशनचे काम सोडून साताऱ्यात "देवाचा दरबार" सुरू केला. ख्रिस्ताला मानणारे बाप्तिस्मा घेतलेले आणि न घेतलेले, दोघांनाही त्यात जागा होती. 1919 मध्ये टिळक वारले आणि तो प्रयोग फार पुढे गेला नाही. बाप्तिस्मा बाजूला ठेवावा असे आम्ही म्हणत नाही. येशूची आज्ञा स्पष्ट आहे. पण राजाचा दरबार मंडळीच्या रजिस्टरपेक्षा मोठा असतो, हे टिळकांनी ओळखले होते.

प्रवेश, आणि जिथे पाय घसरतो ती ठिकाणे

आत जाण्याबद्दल येशूची भाषा ठाम आहे. पश्चात्ताप, म्हणजे तोंड फिरवून दुसऱ्या दिशेने चालू लागणे. सुवार्तेवर विश्वास. निकदेम या यहुदी पुढाऱ्याला सांगितलेला नवा जन्म (योहान 3:3-5). आणि बालकासारखे स्वीकारणे (मार्क 10:15). बालकासारखे म्हणजे निरागस असे आपण धरतो; त्या काळी मुलाला समाजात मान किंवा हक्क नव्हता, त्याला जे मिळे ते दिलेले असे. रिकाम्या हातांनी घेणे हा तिथला मुद्दा आहे. त्याच अध्यायात श्रीमंत माणूस खिन्न होऊन निघून जातो, कारण त्याचे हात भरलेले होते.

शुभवर्तमानांत माणसे हे राज्य स्वीकारतात, शोधतात, त्यात शिरतात, त्याची घोषणा करतात. ते बांधायला मात्र कोणाला सांगितलेले नाही. म्हणून "देवाचे राज्य उभारण्यासाठी" इमारतीचा निधी मागितला जातो तेव्हा निधी जरूर द्यावा, पण इमारतीला इमारत म्हणावे.

मत्तय 6:33 वरून समृद्धीचा उपदेश करणारे पुष्कळ आहेत. आधी राज्य मिळवण्यास झटा म्हणजे "ह्याही सर्व गोष्टी" मिळतील, असे ते वचन आहे. कोणत्या गोष्टी ते दोनच ओळी वर 6:31 मध्ये लिहिले आहे: काय खावे, काय प्यावे, काय पांघरावे. गाडी आणि बंगला त्या यादीत नाहीत. "माझे राज्य ह्या जगाचे नाही" (योहान 18:36) या वाक्यावरून काही जण गावच्या पाणी, शाळा, मजुरीच्या प्रश्नांतून अंग काढून घेतात. त्याच वचनात येशू कारण देतो: तसे असते तर माझे सेवक लढले असते. राज्याचा उगम आणि त्याची रीत जगाकडून आलेली नाही, असे तो पिलात या रोमी सुभेदाराला सांगतो. जगाशी त्याला देणेघेणे नाही असे नव्हे. आणि शेवटाच्या तारखा काढणाऱ्यांना मार्क 13:32 दाखवावे. तो दिवस पुत्रालाही ठाऊक नाही.

घरसभेत हा विषय घ्यायचा असेल तर

चार बैठका पुरतात, प्रत्येकी सव्वा ते दीड तास. पहिल्या बैठकीत मार्क 1:14-45. घोषणेनंतर लगेच काय काय घडते ते पाहायचे: कोळ्यांना बोलावणे, सभास्थानात अशुद्ध आत्म्याला घालवणे, शिमोनाच्या सासूचा ताप, कुष्ठरोग्याला हात लावणे. राज्य कसे दिसते ते या एका अध्यायात कळते. दुसऱ्या बैठकीत मत्तय 13, जोडीला मार्क 4:26-29. तिसऱ्यात मत्तय 18:21-35 आणि 20:1-16. या बैठकीला वेळ हाताशी ठेवा, कारण घरातली आणि भाऊबंदकीतली जुनी भांडणे इथे वर येतात. पाळकसाहेब असतील तर बरे. चौथ्यात मत्तय 25:31-46, 1 करिंथ 15:20-28 आणि प्रकटीकरण 21:1-5.

दाखला एकाने मोठ्याने वाचावा, मग पुस्तके मिटून दुसऱ्याने तो आपल्या शब्दांत सांगावा. काय गाळले गेले ते बाकीच्यांनी भरावे. त्यानंतरच तीन प्रश्न घ्यावेत: हे कोणाला उद्देशून सांगितले, त्यात न पटणारी गोष्ट कोणती, आणि ती आपल्याला का पटत नाही. प्रत्येक तपशिलाला गुप्त अर्थ चिकटवण्याचा मोह टाळावा. बाईच्या तीन मापांत त्रैक्य (पिता, पुत्र आणि पवित्र आत्मा) शोधायला गेले की खमीर राहूनच जाते.

चौथ्या बैठकीत लोक बहुतेक वेळा प्रकटीकरणावर रमतात आणि मत्तय 25 घाईने उरकले जाते. क्रम उलटा करू नका, आधी मत्तयच घ्या. तिथे राजासमोरच्या दोन्ही बाजूंचे लोक एकच प्रश्न विचारतात: प्रभू, आम्ही तुला भुकेला किंवा तुरुंगात असलेला केव्हा पाहिला? कोणालाच ओळख पटलेली नसते. मंडळीच्या आसपास भुकेले, परके, उघडे, आजारी आणि कैदेत असलेले कोण आहेत, त्यांच्याकडे कोण कधी जाणार, हे त्याच बैठकीत नावानिशी लिहून घ्यावे, आणि मग प्रकटीकरण उघडावे.